केनियाला निघताय? पिवळं कार्ड आधी
मसाई मारा बघायला जाणार असाल तर तिकिटापाठोपाठ पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेऊन टाका. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड लस टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. कार्डावरचं नाव आणि पासपोर्टचा नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा. कार्ड नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठी ओलांडलेल्यांनी किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

ही लस मलेरियाला मात्र चालत नाही. त्याच्या गोळ्या वेगळ्या, आणि लोक नेमके इथेच चुकतात: घरी आलो, बॅगा रिकाम्या झाल्या, की गोळ्या बंद! अहो, त्यातली डॉक्सीसायक्लिन ही गोळी परतल्यावरही 4 आठवडे घ्यायची असते. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून कृपा करून अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, “मी आफ्रिकेला जाऊन आलोय.”