ब्रिटनमधली शरदातली बाग: या चुका टाळा

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे सलग सात दिवस पारा ३० अंशांच्या वर गेला. पुढच्याच महिन्यात ‘बाबेट’ वादळाच्या पावसाने स्कॉटलंडमधलं ब्रेकिन पाण्याखाली गेलं आणि नोव्हेंबर उजाडताच ‘कीरन’ वादळाने दक्षिण किनारा झोडपला. “सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हे, ऑक्टोबरच्या पहिल्यात ते” अशा छापील याद्या या हवेत फसतात. तारखेऐवजी तीन गोष्टी पाहून कामाला हात घाला: रात्रीचं किमान तापमान, मातीचा वाफसा (म्हणजे चिखल न होता काम करता येईल इतपतच ओल) आणि येत्या चार दिवसांतला वारा. आणि एक पक्कं लक्षात असू द्या. इथे हिवाळ्यात झाडं नुसत्या थंडीने मरतात त्याहून जास्त थंडीतल्या ओलीने मरतात.

मोबाइलवरचा आकडा कुंडीला लावणे

हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंशांनी थंड होऊ शकते. म्हणून अ‍ॅपवर ३ अंश दिसत असले तरी सकाळी गवत पांढरं झालेलं आणि डेलियाची पानं काळवंडलेली सापडतात. साधा किमान-कमाल थर्मामीटर घ्या आणि तो कुंडीच्या उंचीवर, सावलीत लावा. घराच्या भिंतीला लावू नका, कारण भिंत रात्रभर ऊब सोडते आणि आकडा फसवा येतो.

उलटही होतं. १ नोव्हेंबर २०१५ ला वेल्समधल्या ट्राउसगॉइड इथे २२.४ अंश नोंदले गेले. अशा उबदार नोव्हेंबरमध्ये झाडं वाढतच राहतात, आणि त्या कोवळ्या फुटीला पहिल्याच कडक फ्रॉस्टचा, म्हणजे गोठणाऱ्या दंवाचा, तडाखा बसतो. म्हणून ऑगस्ट संपला की नायट्रोजनचं खत बंद करा, हवा कितीही छान असली तरी.

कढीपत्ता उशिरा आत आणणे, आणि आणल्यावर पाणी घालत राहणे

इथल्या मराठी घरांत सर्वाधिक हळहळ होते ती या एका झाडावरून, म्हणून जरा सविस्तर.

रात्रीचा पारा १० ते १२ अंशांवर यायला लागला की कढीपत्ता आत हवा. स्कॉटलंडमध्ये ही वेळ सप्टेंबरच्या सुरुवातीलाच येते, लंडनच्या आसपास महिनाअखेर. फ्रॉस्टची वाट पाहायची नाही, कारण पान काळं पडायच्या आधीच मुळांचं काम थांबलेलं असतं. आत आणण्याआधी झाड पाण्याच्या धारेने धुवा आणि पानांची खालची बाजू, फांद्यांचे सांधे नीट पाहा. तपकिरी, टिकलीसारखे चिकटलेले खवले दिसले तर ओल्या कापडाने पुसून काढा. पानं चिकट लागत असतील तर खवले कीड आहेच असं समजा. पान खायचं असल्यामुळे फवारा घेतलाच तर खाद्य पिकांना चालतो असं लेबलवर लिहिलेलाच घ्या.

जागा दक्षिणेकडच्या खिडकीची, पण रेडिएटरच्या वरची नव्हे. रेडिएटरच्या कोरड्या, गरम हवेत लाल कोळी ही बारीक कीड झपाट्याने वाढते.

आता पाणी. डिसेंबरमध्ये लंडनला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. एवढ्या उजेडात झाड फारसं पाणी ओढत नाही. घातलेलं पाणी कुंडीतच साचतं, मातीतली हवा निघून जाते आणि मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी लोंबतात. ते पाहून आणखी पाणी घातलं जातं आणि झाड जातं. निदान सोपं आहे: कुंडी उचलून पाहा. पानं लोंबलेली आणि कुंडी जड असेल तर मूळकूज. झाड बाहेर काढा, मऊ तपकिरी मुळं कापा, एक भाग पर्लाइट (निचऱ्यासाठी घालायचे हलके पांढरे दाणे) आणि दोन भाग कुंडीसाठीचं तयार कंपोस्ट घेऊन लहान कुंडीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. कुंडी हलकी असेल तर ती खरंच तहान आहे. एरवी वरची तीन-चार सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यायचं, आणि बशीत उरलेलं अर्ध्या तासात ओतून टाकायचं.

जानेवारीत सगळी पानं गळाली तरी झाड फेकू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे आणि वसंतात फुटेल. खत मार्चपर्यंत नाही, कुंडी बदलणंही तोवर नाही. ताक घालायची सवय असेल तर ती उन्हाळ्यापुरती ठेवा. घरात, थंड मातीत ताक जिरत नाही. वास येतो, बुरशी धरते आणि कुंडीभोवती बारीक चिलटं होतात.

तुळस तर याहून नाजूक. १० अंशांखाली तिची पानं काळी पडतात. तुळशीचं लग्न बहुतेक वर्षी नोव्हेंबरमध्ये येतं, तोवर बाहेरची तुळस टिकत नाही. सप्टेंबरमध्येच ती आत घ्या आणि वाळलेल्या मंजिऱ्यांतलं बी जपून ठेवा.

ओल्या मातीत पाय घालणे

लंडन आणि मिडलँड्सच्या बऱ्याच भागांत माती चिकण. पावसानंतर ती खणली किंवा तुडवली की कण दाबले जातात, हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि वसंतात वाफा विटेसारखा कडक होतो. माती बुटांना चिकटत असेल तर वाफसा आलेला नाही, त्या दिवशी वाफ्यात उतरू नका. काम अडलंच असेल तर लाकडी फळी टाकून तिच्यावर उभं राहा, म्हणजे वजन पसरतं.

रिकामा वाफा उघडा ठेवणं ही याचीच दुसरी बाजू. हिवाळी पाऊस मातीतलं पोषण धुऊन नेतो. कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत पाच सेंटिमीटर जाडीने पसरून द्या. खणून मिसळायची गरज नाही, गांडुळं ते काम करतात. फक्त झाडांच्या बुंध्यापासून पाच-सात सेंटिमीटर अंतर सोडा, नाहीतर ओल धरून साल कुजते.

लॉनला वसंतातलं खत घालणे

शेडमध्ये उरलेलं खत संपवून टाकावं असं वाटतं, पण त्यात नायट्रोजन भरपूर असतो. गवत लुसलुशीत होतं आणि ओल्या हवेत त्यावर तपकिरी, कापसासारख्या बुरशीचे गोल डाग पडतात. शरदातल्या खतात नायट्रोजन कमी आणि पोटॅश जास्त असतं, तेच घ्या. शेवाळ वाढलं असेल तर मूळ दुखणं बहुधा निचरा किंवा सावली असतं. शेवाळनाशकाने ते तात्पुरतं काळं होतं आणि परत येतं. गार्डन फोर्क दहा सेंटिमीटर खोल खुपसा, दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर भोकं पाडा आणि त्यात जाडसर वाळू झाडूने लोटा. टक्कल पडलेल्या जागी बी टाकायचं तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरेला त्याआधी. मातीची ऊब गेली की बी नुसतं पडून राहतं. शेवटच्या कापण्यांत मशीनचं पातं वर घेऊन गवत चार सेंटिमीटर ठेवा.

पानं कंपोस्टच्या ढिगात कोंबणे

पडलेली पानं बुरशीमुळे हळूहळू कुजतात. स्वयंपाकघरातला ओला कचरा जिवाणूंमुळे भराभर कुजतो. ढिगात पानंच पानं घातली की त्यांचे थर चिकटून बसतात आणि ढीग थंड पडतो. पानं वेगळी ठेवा: काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओली करून भरा, फोर्कने दहा-बारा भोकं पाडा, तोंड बांधून सावलीत टाका. वर्षाने आच्छादनाला चालतील असं खत तयार होतं, दोन वर्षांनी बी पेरण्याच्या मिश्रणात चालेल इतकं बारीक. हॉली आणि पाइनची पानं यात मिसळू नका, त्यांना फार वेळ लागतो. लॉनवरची आणि तळ्यातली पानं मात्र लगेच उचला.

ब्लाइट (करपा रोग) आलेले टोमॅटो आणि बटाटे घरच्या ढिगात अजिबात नकोत. ते काउन्सिलच्या ग्रीन बिनमध्ये टाका. आणि ५ नोव्हेंबरच्या ‘बॉनफायर नाइट’च्या शेकोटीसाठी फांद्या आधीपासून रचल्या असतील तर पेटवायच्या दिवशी सगळा ढीग उचलून बाजूला नव्याने रचा. त्याच्या तळाशी हेजहॉग (छोटे काटेरी प्राणी) निजलेले असू शकतात. नुसतं डोकावून पाहणं पुरेसं नाही.

दिसेल ते छाटणे

कात्री हातात आली की सगळंच साफ करावंसं वाटतं. पण प्लम आणि चेरी आत्ता छाटू नका. ‘सिल्व्हर लीफ’ बुरशीचे बीजाणू शरदापासून वसंतापर्यंत हवेत असतात आणि ताज्या कापातून शिरतात. या झाडांची छाटणी उन्हाळ्यात. लायलॅक, फॉर्सिथिया, कॅमेलिया यांच्या पुढच्या वसंतातल्या कळ्या आधीच धरलेल्या असतात, छाटलं तर फुलं गेली. मोठ्या गोल गुच्छांच्या हायड्रेंजियाची वाळलेली फुलं मार्चपर्यंत राहू द्या, खालच्या कळ्यांना तेवढाच आडोसा.

गुलाबाचं वेगळं आहे. खरी छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस, पण उंच गुलाब आत्ताच एक तृतीयांश खाली आणा. नाहीतर वादळात झुडूप हलतं, बुंध्याभोवती खड्डा पडतो, त्यात पाणी साचून गोठतं आणि मुळं सुटतात. प्रत्येक मोठ्या वाऱ्यानंतर बुंध्याजवळची माती टाचेने दाबून घ्या.

कंद आणि लसूण

डॅफोडिल सप्टेंबरमध्ये, ट्युलिप नोव्हेंबरमध्ये. ट्युलिप उबदार मातीत लवकर लावला तर ‘ट्युलिप फायर’ बुरशीचा धोका वाढतो. खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट.

लसणाला थंडी लागतेच. एक-दोन महिने १० अंशांखाली गेले नाहीत तर पाकळ्या सुटत नाहीत आणि कांद्यासारखा एकच गोळा मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाकळ्या टोक वर करून, टोकावर अडीच सेंटिमीटर माती येईल अशा, पंधरा सेंटिमीटर अंतरावर लावा. सुपरमार्केटमधला लसूण बहुधा उबदार देशांतला असतो, शिवाय त्यातून रोग वाफ्यात येऊ शकतो. बियाणं म्हणून विकलेला ‘सोलेंट वाइट’सारखा वाण घ्या. चिकण मातीत आधी दहा सेंटिमीटर उंच वरंबा करा.

प्लास्टिकने झाकणे, नळ विसरणे

प्लास्टिकचा कागद थेट पानांवर टाकला की आत पाणी सुटतं आणि टेकलेली पानं गोठतात. बागेचा पांढरा फ्लीस (झाडं झाकायचं हलकं, हवा खेळणारं कापड) काठ्यांवर ताणा, दिवसा उघडा. बाहेर राहणाऱ्या कुंड्यांखालच्या बशा काढा आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. भोक जमिनीला टेकलं की निचरा अडतो, माती गोठून फुगते आणि टेराकोटा तडकतो.

बागेतल्या नळाचा पाइप काढून गुंडाळून ठेवा. आतला, बहुधा स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा, व्हॉल्व्ह बंद करा. मग बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या आणि हिवाळाभर तो उघडाच ठेवा.