हिवाळ्यात मुंबईची हवा पाहून बाहेर पडण्याची वेळ कशी ठरवावी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर घराजवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहावा. देवनार आणि कुलाबा यांना एकाच सरासरीने मोजण्यात अर्थ नाही. निर्देशांक १०० पर्यंत असल्यास फारशी चिंता नसते, २०० च्या पुढे हवा ‘वाईट’ ठरते. मात्र सूक्ष्म कणांसाठी हा आकडा २४ तासांच्या सरासरीवर बेतलेला असल्याने आत्ता खिडकीबाहेर दिसणारे धुरके त्यात उशिराच उमटते, म्हणून सोबत वाऱ्याचाही अंदाज घ्यावा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, जाळलेल्या कचऱ्याची काजळी खालीच कोंडते. ऊन चढल्यावर हा थर विरतो व दुपारी समुद्रावरून येणारे वारे साचलेली हवा हलवतात. पूर्वेकडचे वारे जोरात असतील, तर मात्र हे खारे वारे उशिरा सुरू होतात.

त्यामुळे पहाटेच्या फेरफटक्याचा आपला लाडका आग्रह या दिवसांत सोडावा आणि व्यायाम दुपारनंतर करावा. दम्याच्या रुग्णांनी वाईट हवेत बाहेर जाणे टाळावे. जावेच लागल्यास चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा, कारण रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत.