लायसोट्रॅकर फिका पडला म्हणजे पंप बंद? या चुका टाळा

लायसोसोममधलं (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतलं) आम्ल तपासायचं म्हटलं की पहिला हात जातो लायसोट्रॅकर या चमकणाऱ्या डायच्या कुपीकडे. पेशी चमकल्या तर व्ही-एटीपेज (प्रोटॉन आत ढकलून लायसोसोम आम्ल ठेवणारा) पंप चालू, फिक्या दिसल्या तर बंद! सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

हा डाय सौम्य आम्लारी आहे. आम्लात शिरला की प्रोटॉन धरतो आणि आतच अडकतो. पण एकूण चमक लायसोसोम किती आणि केवढे, यावरही ठरते. उपाशी ठेवलेल्या पेशींत ते वाढले, तर पीएच थोडा चढूनही चित्र जास्त उजळ दिसू शकतं. शिवाय डाय तासन्‌तास ठेवला तर तो स्वतःच पीएच वर ढकलतो.

आकडा हवा असेल तर डेक्स्ट्रानला (साखरेच्या लांब साखळीला) जोडलेले दोन डाय पेशींना गिळायला द्या: एक पीएचला प्रतिसाद देणारा, दुसरा न देणारा. मग गुणोत्तर काढा. इथे सवयीने फ्लुरेसिन उचललं जातं. त्याचा पीकेए (ज्या पीएचजवळ डाय सगळ्यात नीट प्रतिसाद देतो) 6.4 च्या आसपास आणि लायसोसोमचा पीएच 4.5 ते 5. तिथे ते जवळजवळ आंधळंच. ऑरेगॉन ग्रीन 488 चा पीकेए 4.7, तो घ्या. नायजेरिसिन आणि मोनेन्सिन (आतला पीएच बाहेरच्या बफरइतका करणारी द्रव्यं) घातलेल्या, पोटॅशियम भरपूर असलेल्या बफरांवर कॅलिब्रेशन त्याच दिवशी करा. गेल्या महिन्याचा आलेख चालत नाही, कितीही देखणा असला तरी.

कंट्रोल म्हणून हा पंप अडवणारं बॅफिलोमायसिन ए1 (बहुधा 100 नॅनोमोलर), आणि सोबत तेवढंच नुसतं डीएमएसओ, म्हणजे ते ज्यात विरघळवतात ते द्रावक. क्लोरोक्विनने पीएच वाढतो, पण ते पंप अडवत नाही, आम्ल शोषून घेतं. ओमेप्राझोल तर जठरातल्या वेगळ्याच पंपाचं औषध; नावातल्या ‘प्रोटॉन पंप’ला भुलू नका.

वेगळ्या काढलेल्या लायसोसोममध्ये एटीपी (पंपाचं इंधन) घालूनही पीएच उतरत नाही? आधी मॅग्नेशियम घातलं का ते पाहा, मग बफरमधलं क्लोराइड. प्रत्येक प्रोटॉनबरोबर धनभार आत जातो. तो फेडायला दुसरा आयन हलला नाही, तर धडधाकट पंपही थोड्याच वेळात अडतो.

यीस्टवाल्यांसाठी एकच: पेशी ग्लुकोज नसलेल्या बफरने धुऊ नका. काही मिनिटांतच पंपाचा व्ही1 भाग पडद्यावरच्या व्हीओ भागापासून सुटतो, म्हणजे पंप थांबतो, आणि आपण म्युटंटला दोष देत बसतो.