अंब्रेला पाम लावायच्या आधी माती चाळा

येत्या जूनमध्ये गच्चीवर पुन्हा अंब्रेला पाम लावायचाय, म्हणून तयारी आत्ताच लिहून ठेवतेय. गेल्या खेपेला एकच गोष्ट राहिली आणि दोन वर्षं जपलेली कुंडी मातीसकट टाकून द्यावी लागली. तुम्हीही लावणार असाल तर निदान ती एक गोष्ट तरी वाचा.

नावात पाम असलं तरी हा पाम नव्हे. हा सायपरस, म्हणजे गवतासारख्या दिसणाऱ्या झाडांच्या एका कुळातला, मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा. आपल्या शेतात जिवाला घोर लावणारा लव्हाळा, ज्याच्या गाठी नागरमोथा म्हणून उटण्यात पडतात, तोही सायपरसच. एकाच घरातली ही दोन झाडं, आणि घोळ होतो तो त्यामुळेच.

माती. चाळा. कुठूनही आणा, ओळखीच्या माणसाकडून आणा, पोत्यावर काहीही छापलेलं असो, चाळा. मी नर्सरीतून आणलेली माती तशीच कुंडीत भरली. महिन्याभरात बुडाशी हिरवेगार कोंब दिसले. झाडाला फुटवे आले म्हणून मी त्यांना कौतुकाने पाणी घालत राहिले. तो लव्हाळा होता. कळलं तेव्हा उपटायला लागले, पण उपटलं की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. एक गाठ फुटते, तिच्यापासून दोऱ्यासारखी मुळं निघून पुढे आणखी गाठी, माळ ओवल्यासारख्या. शेवटी कुंडी उलटी केली तर पामच्या मुळांच्या गड्ड्यात काळपट तपकिरी गाठी अशा गुंतलेल्या की एक सोडवायला गेलं तर पामची दहा मुळं तुटत होती.

म्हणून गव्हाची चाळणी घ्या. बांधकामाची वाळू चाळायची जाळी नको, तिच्यातून हरभऱ्याएवढी गाठ सहज खाली जाते, आणि तेवढी एक पुरते. माती ओली असेल तर चाळली जाणारच नाही, म्हणून मे महिन्यातच आणायची आणि गच्चीवर पातळ थर करून पंधरा दिवस कडक उन्हात टाकायची. गाठ उघड्यावर पूर्ण वाळली की मरते. ढीग करून ठेवलात तर आतल्या जिवंत राहतात. शेणखत जुनंच हवं, आणि तेही चाळायचं. नर्सरीतून रोप आणलंत तर त्याच्या पिशवीतली मातीही तीच, हे विसरू नका. बादलीत बुडवून मुळं धुवा, गाठी बोटांनी चाचपून काढा, मगच लावा.

आणि ओळख शिकून घ्या, मला तीच नव्हती. अंब्रेला पामचा नवा दांडा जमिनीतून सरळ, टोकदार, पानांशिवाय वर येतो. छत्री उघडते ती शेंड्याला, बुडाशी नुसत्या तपकिरी खपल्या. लव्हाळा मात्र मातीतून वर येतो तोच पानांचा झुबका घेऊन. बुडाशी गवतासारखी पात दिसली की थांबायचं नाही, त्याच दिवशी गाठीपर्यंत उकरायचं.

रोप विकत घ्यायलाच हवं असं नाही. कुणाकडे असेल तर एक छत्री मागा, खाली दोन-तीन इंच दांडा ठेवून कापा, पाती निम्म्या छाटा आणि पाण्याच्या वाटीत उलटी तरंगत ठेवा. दोन-चार आठवड्यांत मधोमध मुळं आणि कोंब फुटतात. यात मातीच नाही, त्यामुळे गाठ येण्याचा प्रश्न नाही. या वेळी मी असंच करणार आहे. फक्त पुढे ज्या कुंडीत लावाल तिची माती चाळलेली हवी.

कुंडी बारा इंची, रुंद तोंडाची, खाली भोक असलेली, आणि ती पाण्याच्या टबात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त घालू नका, पाण्यावर तरंगतं. वर बोटभर खडी पसरा. पाणी आटू द्यायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. टबात गप्पी मासे सोडा, नाहीतर दर आठवड्याला टब रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि इथे आळस चालत नाही.

सकाळचं ऊन, दुपारी सावली. दांडे चार-पाच फूट होतात, गच्चीवरच्या वाऱ्याने मोडतात, म्हणून कठड्याच्या आडोशाला. पिवळे दांडे बुडापासून कापायचे. जास्तीचं झाड ओढ्यात फेकू नका, तिथे पसरतं. दोन वर्षांनी गड्डा फोडून कुंडी बदलायची. तेव्हा नवी माती लागेल, तीही चाळून.