माळ्यावरच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताय? या चुका टाळा

पहिली चूक खोका उघडल्या उघडल्याच होते. सगळ्याच कॅसेटी घ्यायच्या, असं आपण उत्साहात ठरवून टाकतो. पण कॅसेट काही पेन ड्राइव्हसारखी कॉपी होत नाही. सी-९० असेल तर ४५ आणि ४५ अशी ९० मिनिटं ती वाजवावीच लागते. शंभर कॅसेटी म्हणजे १५० तास झाले, आणि एवढी चिकाटी सदाशिव पेठेतसुद्धा दुर्मिळ. तेव्हा दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या आणि अभंगांच्या कॅसेटी खुशाल बाजूला ठेवा. त्यातलं बहुतेक सगळं आज फोनवर मिळतं, तेही बऱ्या आवाजात. आधी घरी टेप केलेल्या घ्या. आजीच्या ओव्या, बारशाचा गोंगाट, परदेशातल्या काकांनी पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट, वसंत व्याख्यानमालेत मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून कुणी टिपलेलं भाषण. यांची दुसरी प्रत कुठेच मिळणार नाही.

मात्र निवड नुसत्या लेबलावरून करू नका. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असतात. विकतच्या कॅसेटमध्ये त्या उघड्या असतात, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होत नाही. ‘भक्तिगीते’ छापलेल्या कॅसेटच्या खाचेवर चिकटपट्टी दिसली, तर समजा की कुणीतरी मुद्दाम त्यावर दुसरं काही टेप केलंय. ती कॅसेट आधी ऐका. उलट घरच्या कॅसेटची खाच झाकणारी प्लॅस्टिकची पाकळी शाबूत असेल तर वाजवण्यापूर्वीच ती तोडा. फीत खाली येईल अशी कॅसेट समोर धरली, की डावी पाकळी आपल्याकडच्या बाजूची. रेकॉर्डचं लाल बटण चुकून दाबलं गेलं तर त्याला उपाय नाही.

आता बुरशी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चामडी चपलांवर जे येतं, तेच कॅसेटीतही येतं. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी मशीनच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटींना लागते. अशा कॅसेटी वेगळ्या पिशवीत काढा. फार खराब असतील तर हे काम करणाऱ्या माणसाकडे द्या. आणि गच्चीवर कुरडयांसारख्या उन्हात वाळत तर अजिबात घालू नका, उष्णतेने डबीही वाकते आणि फीतही.

आवाज एकदम दबका आणि पुसट येत असेल तर आधी फितीमागची लोकरी कापडाची बारीक गादी जागेवर आहे का ते बघा. जुना डिंक सुकून ती गळून पडते. बाजूला ठेवलेल्या कॅसेटींपैकी स्क्रूवाली एखादी उघडा आणि आपली रिळं तिच्या डबीत बसवा. आपल्या कॅसेटची डबी चिकटवलेली असेल तर ती जपून फोडावी लागते.

मशीनच्या बाबतीत लोक हमखास फसतात ते यूएसबीच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या वॉकमनला. त्याची मोटर एका वेगाने फिरत नाही. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. तिथे जरा जरी डगमग झाली तरी पेटीचा लांब सूर थरथरतो. त्यापेक्षा घरातला किंवा नातेवाइकांकडचा चांगला जुना कॅसेट डेक शोधा. जुन्या बाजारातून आणणार असाल तर एखादी टाकाऊ कॅसेट बरोबर न्या आणि ती पूर्ण वाजवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चाकं फिरतात एवढं पाहणं पुरेसं नाही. आतला रबरी पट्टा बहुधा ताणलेला किंवा विरघळून चिकट झालेला असतो. तो बदलता येतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तापकीर गल्लीत विचारायला जाताना जुना पट्टा, निदान त्याचा उरलेला तुकडा, खिशात असू द्या. अंदाजाने आणलेला पट्टा वेग बिघडवतो.

हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या. सॅनिटायझर नको, त्यात इतर चिकट गोष्टी असतात.

आता ज्या चुकीकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही ती. आवाज गढूळ येतो, शब्द तोंडात गोळी धरून बोलल्यासारखे वाटतात, आणि आपण म्हणतो, ‘कॅसेट जुनी झाली.’ पुष्कळदा कॅसेट ठणठणीत असते. ज्या मशीनवर ती टेप झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या मशीनच्या हेडचा कोन जुळत नाही, एवढंच. फितीशी हेड अगदी काटकोनात नसेल तर आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. हेडच्या शेजारी दोन स्क्रू असतात. त्यातला स्प्रिंगवाला स्क्रू कोन बदलतो. त्याच्या मूळ जागेवर पेनने खूण करा, कॅसेट चालू ठेवा, आवाज मोनोवर (डावा-उजवा एकत्र) घ्या आणि बारीक पेचकसाने तो अगदी थोडा थोडा फिरवा. ‘स’ आणि ‘श’ लख्ख ऐकू आले की थांबा. घरगुती कॅसेटी वेगवेगळ्या मशीनवर टेप झालेल्या असतात, म्हणून हे दर कॅसेटला करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ही भरपाई नीट करू शकत नाही.

डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करण्याचं, बटण कॅसेटवर तशी खूण असेल तरच दाबा. नाहीतर आवाज आणखी बुजतो.

फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड केलं तर ओव्यांबरोबर कुकरच्या शिट्ट्याही कायमच्या जमा होतात. वायरच वापरा. पण लॅपटॉपचं एकुलतं छिद्र हेडसेटचं असतं. त्यातून आत जाणारा आवाज माइकसाठीचा, म्हणजे मोनो असतो, आणि डेकचा जोरदार आवाज तिथे फाटतो. लाइन-इन, म्हणजे डेकचा आवाज घेण्यासाठीचं छिद्र, असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. सतत ‘हूंऽऽ’ असा घुमारा आला तर तो बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच जातो.

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरते. आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या जागीही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकलेला भाग कापला जातो आणि तो परत मिळत नाही. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपातच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे एका सी-९०ला १ जीबीच्या आत. व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपी३ वेगळी काढा. खरखर काढायची ती प्रतीवर, आणि हात राखून. फार घासलं की आजी पाण्याखालून बोलते. मला थोडी खरखर चालते.

फाइलला ‘ट्रॅक ०१’ नाव देऊन सोडू नका. कोण बोलतंय, कुठलं घर, कुणाचं बारसं, हे आवाज ओळखणाऱ्या मावशी-आत्यांना त्याच आठवड्यात ऐकवून फाइलच्या नावातच लिहा. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा. आणि काम झालं म्हणून कॅसेटी रद्दीवाल्याला देऊ नका. पूर्ण गुंडाळून, उभ्या, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा, माळ्यावर नव्हे.