फाइल गेली असेल तर आधी हात थांबवा

फाइल आत्ताच गेली असेल आणि तुम्ही घाईघाईने हे वाचत असाल, तर त्या कॉम्प्युटरवर काहीही सेव्ह करू नका. काही डाउनलोड करू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका. रिसायकल बिन उघडून बघा, तिथे नसेल तर कॉम्प्युटर बंद करा आणि पुढचं दुसऱ्या मशीनवर वाचा. बाहेरच्या डिस्कवरची फाइल गेली असेल तर ती डिस्क ‘इजेक्ट’ करून काढा आणि बाजूला ठेवून द्या.

हे एवढ्या कळकळीने सांगण्याचं कारण आहे. फाइल डिलीट केली की लगेच पुसली जात नाही. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर कुठे काय आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, तिची नोंद काढते आणि ती जागा मोकळी झाली असं धरून चालते. मजकूर तिथेच असतो, पण त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंतच. तुम्ही नुसतं ब्राउझर उघडून बसलात तरी तो मागे डिस्कवर लिहीतच असतो.

मी अनुवादक आहे. माझ्याकडे ‘शब्द’ नावाचं एक फोल्डर होतं. त्यात अकरा वर्षांची शब्दसूची आणि तिच्याबरोबरची टिपणं होती. एखादा शब्द अडला की मी त्याचे दोन-तीन पर्याय लिहायचे आणि प्रत्येकापुढे तो का घेतला किंवा का सोडला, तेही लिहायचे. एका संध्याकाळी आवराआवर करताना ‘शब्द-जुने’ समजून मी ‘शब्द’च उडवलं, तेही शिफ्ट दाबून, म्हणजे रिसायकल बिनचाही आधार नाही. माझ्या ते लक्षातच आलं नाही. चार दिवसांनी एका शब्दासाठी फोल्डर उघडायला गेले तेव्हा कळलं. तरी पोटात गोळा आला नाही, कारण बाहेरची डिस्क होती आणि रोज रात्री अकराला तिच्यावर कॉपी होत होती.

ती डिस्क लावली. तिथेही ‘शब्द’ नव्हतं. कॉपी करणारं सॉफ्टवेअर ‘मिरर’ पद्धतीने लावलेलं होतं. म्हणजे लॅपटॉपवर जे आहे ते तिथे, आणि लॅपटॉपवर जे नाही ते तिथूनही काढून टाक. माझी चूक त्याने त्याच रात्री प्रामाणिकपणे दुसरीकडे उतरवली होती.

लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क होती, तिच्यातून काही हाती लागलं नाही. एसएसडीवर फाइल डिलीट केली की ऑपरेटिंग सिस्टीम ‘ट्रिम’ नावाची आज्ञा पाठवते आणि एसएसडी ती जागा स्वतःच रिकामी करून टाकते. विंडोजमध्ये हे विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. चार दिवस तर फारच झाले. बाहेरची डिस्क मात्र फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती आणि चार दिवसांत तिच्यावर नवं फार लिहिलं गेलं नव्हतं. जे वाचलं ते तिच्यामुळे वाचलं.

परत आणताना

नावासकट फाइल परत मिळते का, ते आधी बघा. विंडोजवर ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे मायक्रोसॉफ्टचंच मोफत साधन आहे. आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण फाइलची जुनी नोंद शिल्लक असेल तर मूळ नावही मिळतं. सापडलेल्या फाइली ते दुसऱ्या ड्राइव्हवरच ठेवायला लावतं, आणि ते बरोबरच आहे. पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा सी, डी असा अख्खा भागच, दिसेनासं झालं असेल तर क्रिस्टोफ ग्रेनिए यांचं ‘टेस्टडिस्क’ वापरा.

नोंदही गेली असेल तर त्यांचंच ‘फोटोरेक’. नाव फोटोचं असलं तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली शोधतं. ते नोंदींकडे बघतच नाही, मोकळ्या जागेत फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं. जेपीईजी फोटो ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइट्सनी सुरू होतो. वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइली आतून झिप असतात, म्हणून त्या ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. झिपचे कर्ते फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. शब्दांवर पोट असलेल्या मला हे कळलं तेव्हा त्या अवस्थेतही बरं वाटलं होतं.

फोटोरेकमध्ये डिस्क निवडा, पार्टिशन निवडा, मग ‘फ्री’ आणि ‘होल’ यांतलं ‘फ्री’ घ्या, म्हणजे ते फक्त मोकळ्या जागेत शोधेल. निकाल ठेवायला तिसरीच डिस्क द्या. माझं काम रात्रभर चाललं. सकाळी दोन हजारांवर फाइली होत्या आणि एकीलाही नाव नव्हतं. एफ०४१८२७२, एफ०४१८३०४, अशी रांग. एफच्या पुढचा आकडा म्हणजे डिस्कवरची जागा. मी त्या आकारानुसार लावल्या आणि एकेक उघडत गेले, नऊ संध्याकाळी. काही उघडल्याच नाहीत. डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली फाइल या पद्धतीने बहुधा अख्खी मिळत नाही. मुख्य शब्दसूची तीन वेळा सापडली, कारण मी सेव्ह करत गेले तसतशा जुन्या प्रती मोकळ्या जागेत पडून होत्या. त्यांतली एकच धड उघडली, ती चार महिन्यांपूर्वीची. मधल्या चार महिन्यांतले शब्द मी नंतर पुन्हा जमवले. ते का निवडले होते, ते मात्र आठवून लिहिता आलं नाही.

हे सगळं डिस्क धडधाकट असेल तरच. डिस्क टकटक आवाज करत असेल, पडली असेल, किंवा लावल्यावर फिरतच नसेल, तर सॉफ्टवेअर चालवून बघू नका. तबकडीच्या अगदी लगत, काही नॅनोमीटरवर तिचं हेड तरंगत असतं. ते बिघडलेलं असताना डिस्क चालू ठेवलीत तर तबकडी खरवडली जाते आणि उरलंसुरलंही जातं. उघडून बघणं, फ्रीजरमध्ये ठेवणं हे उपाय कोणी सांगितले तरी करू नका, आत दमट हवा आणि धूळ जाते. डेटा मोलाचा असेल तर ती प्रयोगशाळेकडेच द्यायची.

डिस्क दिसते आहे पण अडखळत वाचते आहे, अशी मधली अवस्था असेल तर लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ आधी तिची पूर्ण प्रत काढून देतं. ते चांगला भाग आधी उचलतं, वाईट भागाची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि मग पुन्हा त्या जागी प्रयत्न करतं. पुढची शोधाशोध त्या प्रतीवर करा, मूळ डिस्कवर नाही. अशी वेळ येण्याआधी चाहूल हवी असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने डिस्कची तब्येत बघत जा. ‘रिॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयास्पद तुकड्यांचे, आकडे वाढू लागले की नवी डिस्क घ्यायची.

आता बॅकअपचं

सगळंच जपायला गेलात तर काहीच नीट जपलं जात नाही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं, सिनेमे पुन्हा मिळतात. तुम्ही स्वतः लिहिलेलं, काढलेले फोटो, घरच्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, हे दुसरीकडे कुठेच नसतं. माझं असं सगळं मिळून एका छोट्या डिस्कवर मावतं. तुमचंही एका मुख्य फोल्डरखाली आणा. डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये, फोनमध्ये विखुरलेलं असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी पाळते: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. माझी मूळ प्रत लॅपटॉपवर. दुसरी बाहेरच्या डिस्कवर. तिसरी बहिणीच्या घरी असलेल्या डिस्कवर, महिन्यातून एकदा मी दोन्ही डिस्कची अदलाबदल करते. शिवाय रोजच्या कामाच्या फाइली क्लाउडवर असतात.

क्लाउडबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बहुतेकांचा सगळा भरवसा तिथेच असतो. सिंक होणारं फोल्डर माझ्या त्या मिररसारखंच असतं. इथे डिलीट केलंत की तिथेही डिलीट. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्येही तेवढीच. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर हात रिकामे. म्हणून एक तरी प्रत अशी हवी की जिच्यात फाइलीच्या जुन्या आवृत्त्या राहतात.

त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. मॅकवर ‘टाइम मशीन’ २००७ पासून आहे. ते गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवतं, डिस्क भरली की सगळ्यात जुनी काढतं. विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’ आहे, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन चालू करावी लागते. तिची एक गोम लक्षात ठेवा: ती विंडोजच्या लायब्ररी (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे), डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच प्रत काढते. तुमचं फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर ते आधी लायब्ररीत घालावं लागतं, नाहीतर महिनोन्‌महिने सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. ‘रोबोकॉपी’ ही विंडोजची कॉपी करण्याची आज्ञा वापरणाऱ्यांनी ‘एमआयआर’ हा पर्याय टाळावा, तो मिररच आहे.

कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा तो कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावत होता. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षांची एकुलती एक प्रत ठेवू नका. विंडोजचं ‘बिटलॉकर’, म्हणजे डिस्कला घातलेलं कुलूप, लावलेलं असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती हरवली तर धडधाकट डिस्कसुद्धा उघडत नाही.

उघडून बघणं

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडालं. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. एक पद्धत तर सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा मेळ नसल्याने कधीपासून नापास होत होती आणि ती नापास झाल्याचे इमेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी काढून ठेवलेल्या एका प्रतीवरून त्यांनी काम परत उभं केलं आणि घडलेलं सगळं जाहीरपणे लिहिलं.

मी दर तीन महिन्यांनी तीन फाइली परत आणते: एक खूप जुनी, एक कालची आणि एक सगळ्यात मोठी. त्या दुसऱ्या मशीनवर आणते, उघडते, शेवटच्या पानापर्यंत जाते. पहिल्याच वेळी जुनी फाइल उघडली आणि पानभर अगम्य चिन्हं दिसली. फाइल शाबूत होती. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि तो फॉन्ट त्या मशीनवर नव्हता. तुमचंही जुनं मराठी लेखन असं असेल तर तो फॉन्ट बॅकअपमध्ये ठेवा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा.

डिस्कच्या पाकिटात मी एक कागद ठेवते. डिस्कवर काय आहे, शेवटची प्रत कधीची, पासवर्ड कुठे आहे आणि फाइल परत कशी आणायची, हे त्यावर लिहिलेलं आहे. गेल्या वेळी मी स्वतः हात लावला नाही, बहिणीला कागद दिला आणि शेजारी गप्प बसले. ती तिसऱ्या ओळीवर अडली. ‘नेहमीचा पासवर्ड’ असं मी लिहिलं होतं. ती ओळ खोडून मी पासवर्ड कुठल्या वहीत आणि कुठल्या पानावर आहे ते लिहिलं, मग तिने पाच मिनिटांत शब्दसूची उघडून दाखवली.