पोस्टर एकाचं अन् पिच्चर दुसराच: घरच्या जेलीफिनची भानगड अशी निस्तरा

परवा दुपारी कूलर लावून बाबा टीव्हीसमोर बसले, रिमोटची दोन-चार बटणं दाबली अन् मला हाक मारली, "अरे, हा अत्र्यांचा श्यामची आई नाही ना? हे पोरगं कोण आहे पोस्टरवर?" बघितलं तर फाइल १९५३ चीच, चालवली तर जुनाच पिच्चर सुरू होऊन राहिला, पण पोस्टर, कलाकार, माहिती सगळं २०२३ वाल्याचं. अन् २०२३ वालाही ब्लॅक अँड व्हाइटच, म्हणून मला दोन महिने पत्ताच लागला नाही. बाबा मराठीचे रिटायर्ड मास्तर, त्यांना पाच सेकंदात लागला.

तर त्या निमित्ताने अख्खी लायब्ररी साफ केली, दोन रविवार गेले. तुमचे जाऊ नये म्हणून लिहून ठेवतो. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, त्यावर जेलीफिन (घरच्या पिच्चरच्या फाइल पोस्टर-माहितीसकट टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर, पुढे सर्व्हर म्हणतो तो हाच), अन् नागपुरात बर्डीच्या मोदी नंबर दोन या बाजारातून आणलेली ४ टीबीची डिस्क आहे. आमच्याच घरच्या डीव्हीडी-व्हीसीडी त्यात उतरवल्या आहेत. तुमच्याकडे प्लेक्स किंवा एम्बी असं दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी चालेल, मेनूची नावं थोडी इकडे-तिकडे होतील पण डोकं सगळ्यांचं एकच आहे, जेलीफिन तर २०१८ मध्ये एम्बीतूनच फुटून निघालंय.

पहिली गोष्ट, पोस्टर चुकीचं दिसलं की लगेच पोस्टर बदलायला जाऊ नका. मी तेच केलं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पोरगं हजर. सर्व्हर काही पिच्चर बघत नाही बाप्पा, तो फक्त फोल्डरचं अन् फाइलचं नाव वाचतो, त्यातून नाव अन् वर्ष वेगळं काढतो, ते टीएमडीबी या सिनेमांची माहिती ठेवणाऱ्या वेबसाइटला विचारतो अन् जे पहिलं जुळतं ते चिकटवून देतो. माझ्या फोल्डरचं नाव होतं नुसतं "श्यामची आई फुल मूव्ही". वर्षच नाही, मग त्याने नवा उचलला, त्याची काय चूक.

म्हणून आधी फोल्डर नीट करा. प्रत्येक पिच्चरला स्वतंत्र फोल्डर, फोल्डरचं नाव म्हणजे पिच्चरचं नाव, एक स्पेस, मग गोल कंसात वर्ष. आतल्या फाइलचंही तेच नाव. मी इथं मराठी आकडे लिहून राहिलो पण फोल्डरमध्ये इंग्रजी आकडेच टाका, कारण सर्व्हर १९ नाहीतर २० ने सुरू होणारा चार आकडी नंबर शोधतो अन् तो त्याला इंग्रजी आकड्यांतच कळतो. पिच्चरचं नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं, पण टीएमडीबीवरची माहिती लोकांनीच भरलेली असते, कोणी मराठी पिच्चरचं मूळ नाव देवनागरीत टाकलंय, कोणी रोमनमध्ये, त्यामुळे तुमचं देवनागरी नाव तिथं नसेल तर काहीच सापडत नाही. मी फोल्डर रोमनमध्ये ठेवले अन् टीव्हीवर दिसणारं नाव देवनागरीत केलं. नावात कोलन, प्रश्नचिन्ह असलं काही असेल तर काढून टाका, विंडोजवर ते चालतच नाही.

वर्षाची एक मेख आहे. कोर्ट हा पिच्चर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला अन् आपल्याकडे थिएटरात आला एप्रिल २०१५ मध्ये. मग वर्ष कोणतं लिहायचं? तर तुम्हाला काय वाटतं ते सोडा, टीएमडीबीच्या पानावर नावाच्या बाजूला जे दिसतं तेच लिहा. नाव इतकं साधं असलं की या नावाचे ढीगभर पिच्चर असतात अन् वर्ष चुकलं की कोर्टाच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसतं. अन् नावातच आकडा असेल, जसं १९४२ अ लव्ह स्टोरी, तिथे तर कंसातलं १९९४ लागतंच, नाहीतर सर्व्हर १९४२ सालचा पिच्चर शोधत बसायचा.

एवढं करूनही ऐकत नसेल तर आयडी टाका, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. टीएमडीबीवर त्या पिच्चरचं पान उघडा, वरच्या पत्त्यात मूव्ही या शब्दानंतर जो आकडा असतो तो त्याचा आयडी. जेलीफिनसाठी फोल्डरच्या नावाच्या शेवटी चौकोनी कंसात टीएमडीबीआयडी असं इंग्रजी लहान लिपीत, मग डॅश, मग तो आकडा. प्लेक्सला महिरपी कंस लागतो अन् शब्द नुसता टीएमडीबी. मग नाव काही का असेना, जुळवणी त्या आकड्यावरच होते. श्यामची आईच्या दोन्ही पिच्चरला मी आयडीच लावून टाकला, झंझटच नको.

नाव बदललं की पिच्चरच्या तीन टिंबांवर जाऊन आयडेंटिफाय करा, किंवा रिफ्रेश मेटाडेटामध्ये (मेटाडेटा म्हणजे पिच्चरची माहिती) रिप्लेस ऑल मेटाडेटा निवडा अन् चित्रं बदलायचा चौकोनही टिक करा, तो राहून गेला की माहिती नवी अन् पोस्टर जुनंच राहते. नुसतं स्कॅन केल्याने चिकटलेली चुकीची माहिती निघत नाही, स्कॅन फक्त नवीन काय आलं तेवढंच बघतो.

आता माझा दुसरा रविवार कशात गेला ते सांगतो. धरमपेठेतल्या एका मित्राने त्याच्या डिस्कवरून त्याच्या वडिलांचं जुनं कलेक्शन दिलं होतं, सगळं फोल्डरसकट. त्यातले आठ-दहा पिच्चर कितीही आयडेंटिफाय करा, थोड्या वेळाने पुन्हा जुनंच चुकीचं नाव. मला वाटलं सर्व्हरच बिघडला, पुन्हा टाकायलाही बसलो होतो. मग एक फोल्डर उघडून बघितला तर पिच्चरच्या बाजूला एनएफओ नावाची छोटीशी फाइल. नोटपॅडमध्ये उघडली तर आत शुद्ध मजकूर, टायटल, वर्ष, आयडी, सगळं चुकीचं, मित्राकडे कोडी नावाचं असलंच सॉफ्टवेअर होतं कधीतरी, त्या कोडीने लिहून ठेवलेलं. सर्व्हर इंटरनेटपेक्षा या घरच्या फाइलवर जास्त विश्वास ठेवतो, म्हणजे त्याच्या घरची चूक माझ्या घरी नांदून राहिली होती! त्या एनएफओ अन् जुनी पोस्टरची जेपीजी उडवली, रिफ्रेश केलं, दहा मिनिटांत सगळं सरळ.

तसंच एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइलच्या आतही एक टायटल लपलेलं असतं, पिच्चर उतरवणाऱ्याने तिथं काहीबाही लिहिलेलं असतं. टीव्हीवर विचित्र नाव दिसत असेल तर लायब्ररीच्या सेटिंगमध्ये एम्बेडेड टायटलला प्राधान्य द्यायचा पर्याय बंद करा, नाहीतर एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या सॉफ्टवेअरच्या हेडर एडिटरमध्ये जाऊन ते टायटल खोडून टाका, फाइल पुन्हा बनवावी लागत नाही.

अन् जर एकाही पिच्चरचं पोस्टर येत नसेल, सगळी राखाडी डबडी दिसत असतील, तर फोल्डरला दोष देऊ नका, तो इंटरनेटचा झोल आहे. आपल्याकडे काही ब्रॉडबँडवाल्यांच्या डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) टीएमडीबीचा पत्ता नीट मिळतच नाही. आमच्याकडे असंच होतं, मोबाइल डेटावर साइट उघडायची, घरच्या वायफायवर नाही. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगा म्हणे राउटर बंद करून चालू करा सर. राउटरमध्ये, किंवा ज्या मशीनवर सर्व्हर आहे तिथे, डीएनएस १.१.१.१ नाहीतर ८.८.८.८ टाका. डॉकरवाले असाल तर कंटेनरला डीएनएस वेगळा द्यावा लागू शकतो, मशीनचा बदलून कधीकधी फरक पडत नाही. पोस्टर येते पण एनएफओ सेव्ह होत नाही असं असेल तर परवानगीचा लोचा, लिनक्सवर जेलीफिन नावाच्या युजरला त्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा द्या.

आता क्रमवारी, इथं बाबांशी माझं खरं वाजलं. टीव्हीवर नावं देवनागरीत केली तर सगळे मराठी पिच्चर झेडच्याही खाली जाऊन बसले, कारण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला आकडा देणारी कॉम्प्युटरची पद्धत) देवनागरी रोमनच्या नंतर येते अन् माझा सर्व्हर त्याच आकड्यांनी लावत होता. बाजूची ए ते झेड पट्टी आहे ना, तिच्यात मराठी अक्षरं नाहीतच, म्हणजे श वर उडी मारायची सोयच नाही. बाबा म्हणे सगळं मराठीतच लाव, काय होते. लावलं. तर "काळ" ने सुरू होणारी नावं "काव" च्या आधी आली, अन् बाबांनी चष्मा वर करून सांगितलं की ळ हा ह च्या नंतर येतो, शब्दकोश बघ. बरोबरच आहे त्यांचं, पण युनिकोडमध्ये ळ आहे ल अन् व च्या मध्ये. वरून ॲ दोन प्रकारे टाइप होतो, एक अख्खं अक्षर अन् एक अ वर चंद्र लावून, दिसायला डिट्टो सारखे, पण सर्व्हरसाठी दोन वेगळी नावं, त्यामुळे शोधलं तरी एक सापडते अन् एक नाही.

शेवटी तोडगा असा निघाला. एडिट मेटाडेटा उघडलं की टायटलच्या जवळच सॉर्ट टायटल नावाचा रकाना असतो. टायटल देवनागरीत ठेवायचं अन् सॉर्ट टायटलमध्ये तेच नाव रोमनमध्ये टाकायचं, उच्चार करतो तसं, अन् एकच पद्धत शेवटपर्यंत धरायची, एकदा डब्ल्यू अन् एकदा व्ही असं करायचं नाही. मग ए ते झेड पट्टी चालते अन् डोळ्यांना मराठी दिसते. बाँडपटांसारखी मालिका असेल तर नावाने लावले की सगळे पांगतात, तिथे सॉर्ट टायटलमध्ये बाँड ०१, बाँड ०२ असं टाका, शून्य लावलेलं बरं. इंग्रजी पिच्चरच्या सुरुवातीचे द, अ वगैरे सर्व्हर आपणच सोडून देतो, त्यामुळे द ने सुरू होणारा पिच्चर टी मध्ये शोधू नका.

हाताने बदललं की त्याच पानावर खाली लॉकचा चौकोन असतो तो टिक करून सेव्ह करा, हे विसरू नका. मी चाळीस पिच्चरचे सॉर्ट टायटल टाकले अन् मग कौतुकाने रिप्लेस ऑल दाबलं. चाळीसही गेले. सौ म्हणे जेवायला या, मी म्हटलं भूक नाही.

"नुकतेच आलेले" या ओळीत जुने पिच्चर दिसत असतील तर ते डिस्क बदलल्यामुळे. लायब्ररीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये डेट ॲडेडचा पर्याय आहे, फाइलची तारीख धरायची की स्कॅनची ते ठरवा, पण तो फक्त नव्याने येणाऱ्यांना लागू होतो, जुन्यांची तारीख हाताने बदलावी लागते.

व्हीसीडीवाल्यांसाठी थोडकं: एक पिच्चर दोन सीडीत असेल तर एकाच फोल्डरमध्ये दोन्ही फाइल ठेवा, नाव एकसारखं अन् शेवटी डॅश सीडी१, डॅश सीडी२, इंग्रजीत. मग टीव्हीवर एकच दिसतो अन् मध्ये उठून सीडी बदलावी लागत नाही.

राहिलं नाटकांचं अन् घरच्या व्हिडिओंचं. नाटकांची रेकॉर्डिंग टीएमडीबीवर बहुतेक नसतातच, त्यांना सिनेमाच्या लायब्ररीत टाकलं की सर्व्हर ओढूनताणून काहीतरी चिकटवतो. माझ्या ताईच्या लग्नाचा फोल्डर, नाव नुसतं "लग्न" अन् कंसात २००९, त्यावर एका परदेशी पिच्चरचं पोस्टर आलं, गोरी बाई, हातात पिस्तूल. यांच्यासाठी वेगळी लायब्ररी करा, प्रकार होम व्हिडिओज निवडा, माहिती शोधणारे सगळे पर्याय बंद, पोस्टर म्हणून फोल्डरमध्ये स्वतःचा फोटो टाका, फाइलचं नाव पोस्टर एवढंच, इंग्रजीत. मी ताईचा हळदीचा फोटो टाकला. तिने पुण्याहून फोन करून सांगितलं की पिस्तूलवालाच बरा होता, तोच परत लाव.